बाटलीचं झाकण आणि बॉम्बरचे पंख

आठ मार्च उजाडला की ती व्हॉट्सॲपवर हजर होते. डोक्याला लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा रुमाल, निळ्या सदऱ्याची बाही वर सारलेली, मूठ आवळलेली आणि चेहऱ्यावर ‘बघतेच आता’ असा भाव. आपल्याकडे कुणी तिच्या नाकात नथ अडकवतं, कुणी कपाळावर चंद्रकोर रेखतं. एका सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावरही मी तिला पाहिलंय. तिथं तिच्या वळलेल्या मुठीत वाणाचा डबा बसवताना चित्रकाराची बरीच तारांबळ उडालेली दिसत होती.

या बाईची सर्वांना तोंडपाठ असलेली गोष्ट अशी: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष लढायला गेले, मग हे पोस्टर गावोगाव लागलं आणि ते बघून लाखो बायका बाह्या सावरून कारखान्यांत शिरल्या. गोष्ट छान आहे. फक्त पोस्टर गावोगाव लागलंच नव्हतं.

पंधरा दिवसांची पाहुणी

जे. हॉवर्ड मिलर या चित्रकारानं ते वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी काढलं. लावायचं कधी आणि उतरवायचं कधी, हे पोस्टरच्या तळाशीच छापलेलं होतं: १५ ते २८ फेब्रुवारी. साल १९४३. प्रती सुमारे १८००, त्याही कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांच्या भिंतींसाठी. म्हणजे ते बघणारी प्रत्येक बाई आधीच कामावर आलेली! तिला ‘या’ म्हणायचा प्रश्नच नव्हता. आलात ना, मग दांड्या मारू नका, कुरकुर करू नका, उत्पादन वाढवा, एवढाच मतलब. पंधरवडा संपला, पोस्टर उतरलं आणि ही बाई पुढची जवळजवळ चाळीस वर्षं विस्मृतीत गेली. १९८०च्या दशकात तिला पुन्हा उजेडात आणलं गेलं आणि मग कॉफीचे मग, टी-शर्ट, १९९९मध्ये टपालाचं तिकीट, असा तिचा संसार सुरू झाला. तिच्याकडे बघून स्फुरण चढलेल्या बायका शोधायच्या, तर त्या १९४३पेक्षा १९८३नंतरच जास्त सापडतील.

आणि हो, आज सगळे तिला ‘रोझी’ म्हणतात, पण तिचं नाव रोझीही नव्हतं.

रोझी निराळी, चांगली दणकट

रोझी हे नाव आलं एका गाण्यातून. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेट ठोकणाऱ्या मुलीचं हे गाणं १९४३च्या सुरुवातीला रेडिओवर गाजत होतं. त्याच वर्षी २९ मेला ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नॉर्मन रॉकवेलनं रोझी रंगवली. मांडीवर रिव्हेटची गन, हातात सँडविच, डब्यावर नाव आणि पायाखाली हिटलरचं ‘माईन काम्फ’. दंड असे की आखाड्यातल्या वस्तादानं मान डोलवावी. रॉकवेलनं तिची बैठक घेतली होती थेट मायकेल अँजेलोकडून. रोममधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर प्रेषित इसाया बसलाय, तसाच धडाचा पिळ आणि तसाच वळलेला चेहरा.

चित्रासाठी बसली होती रॉकवेलच्याच गावातली, व्हरमाँट राज्यातल्या आर्लिंग्टनची, १९ वर्षांची मेरी डॉयल. टेलिफोन ऑपरेटर. अंगानं शेलाटी. तिनं आयुष्यात रिव्हेट ठोकला नव्हता. दोन बैठकी, एकेका बैठकीचे पाच डॉलर. अंक हातात पडल्यावर बिचारीनं पाहिलं तर चेहरा आपला आणि खाली देह भलत्याच कुणाचा! चोवीस वर्षांनी रॉकवेलनं तिला पत्र लिहून माफी मागितली. २००२मध्ये त्या चित्राचा लिलाव झाला तेव्हा बोली गेली ४९ लाख डॉलरवर. मेरीचे मात्र दहा डॉलर ते दहाच डॉलर.

अमेरिकेच्या आधी कॅनडात ‘रॉनी’ होऊन गेली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. टोरँटोच्या जॉन इंग्लिस कारखान्यात ब्रेन गन तयार करणारी व्हेरॉनिका फॉस्टर, १९४१. ती खरी कामगार होती आणि कामही खरंच तेच करत होती. तिचा गाजलेला फोटो म्हणजे समोर नुकतीच जोडून झालेली मशीनगन आणि ओठातून सुटणारा सिगारेटचा धूर. कॅनडाच्या सरकारनंच तो काढवून घेतला होता.

माल नाही, जाहिरात आहे

आता जरा पैशांचं बोलू, कारण खरी गंमत तिथंच आहे.

फेब्रुवारी १९४२मध्ये अमेरिकेत खासगी मोटारी बनणं थांबलं. फ्रिज, व्हॅक्युम क्लीनर यांचेही कारखाने युद्धाच्या कामाला जुंपले गेले. दुकानात माल नाही. मग जाहिरात कशाची करायची? साधा वाणीसुद्धा म्हणेल, गप्प बसा, पैसे वाचवा. पण मासिकं उघडावीत तर जाहिराती पानोपान.

याची मेख करात होती. युद्धातल्या जादा नफ्यावर सरकारनं ९० टक्क्यांपर्यंत कर बसवला होता आणि जाहिरातीचा वाजवी खर्च मात्र धंद्याचा खर्च म्हणून वजा करायला परवानगी होती. हिशेब मांडून बघा. त्या वरच्या नफ्यातला एक डॉलर जाहिरातीला घातला, तर कंपनीच्या खिशातून खरे दहाच सेंट गेले. उरलेले नव्वद तसेही सरकारजमा होणार होते. मग जाहिरातदार देशभक्त झाले नाहीत तरच नवल!

वर सरकारशी संगनमत होतंच. १९४२च्या सुरुवातीला जाहिरातवाल्यांनी आपली युद्ध परिषद उभारली आणि जूनमध्ये सरकारचं युद्ध माहिती कार्यालय निघालं. संपादकांना कुठल्या महिन्यात कशावर भर द्यायचा याच्या सूचना जाऊ लागल्या. सप्टेंबर १९४३मध्ये तर मुखपृष्ठांवर काम करणाऱ्या बायकाच दिसाव्यात अशी मोहीम आखली गेली. ती चित्रं म्हणजे काही क्रांतीची पहाट नव्हती. महिन्याचा विषय ठरलेला होता, दिवाळी अंकांचा ठरतो तसा.

ड्रिल म्हणजे रसाचं यंत्र!

बाईला कारखान्यात बोलवायचं तर खरं, पण ती तिथं गेली म्हणून काही बिघडणार नाही, हेही लोकांना पटवायला हवं. त्यावर जाहिरातवाल्यांची नामी युक्ती म्हणजे कारखान्याचं स्वयंपाकघर करून टाकायचं. १९४३च्या एका सरकारी न्यूजरीलमध्ये निवेदक मोठ्या उत्साहानं समजावतो की, ही बघा, केक भाजायच्या ऐवजी गिअर भाजतेय. ती बघा, कापड बेतायच्या ऐवजी विमानाचा पत्रा बेततेय. आणि थोडं शिकवलं की घरातल्या रस काढायच्या यंत्राइतक्या सहज ड्रिल मशीन चालवेल. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीत जाऊन तिथल्या बाईला सांगून बघा, ‘ताई, लेथ म्हणजे सोऱ्याच हो, दाबला की चकली पडते.’ हातातला पाना कुठं बसेल सांगता येत नाही.

उपमा वाईट नाही, पण ती एकाच दिशेनं धावायची. १९४५मध्ये घरी परतलेल्या पुरुषाला कुठल्याही निवेदकानं सांगितलं नाही की, रणगाडा हाकत होतास ना, मग झाडू मारणं काय अवघड आहे.

गंमत म्हणजे जिथं स्वयंपाकघराची उपमा शब्दशः खरी ठरली असती, ती जागा कुणी वापरली नाही. विमानातले काही जातींचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट बाहेर राहिले तर कडक होतात, म्हणून ते बर्फासारखे गार ठेवावे लागत आणि काढले की पटकन ठोकावे लागत. कामगारांच्या तोंडी त्यांचं नावच ‘आइसबॉक्स रिव्हेट’. बाजारातून फ्रिज गायब आणि कारखान्यात फ्रिजमध्ये रिव्हेट! एक बी-२४ बॉम्बर तयार व्हायला असे-तसे मिळून तीन लाखांवर रिव्हेट लागत. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला एक बॉम्बर बाहेर पडत होता.

लाली हवीच

१९४२मध्ये अमेरिकी सरकारनं सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनावर बंधनं घालून बघितली आणि काही महिन्यांतच मुकाट्यानं मागं घेतली. लिपस्टिक ही आता देशाच्या धैर्याची बाब झाली होती. ‘टँजी’ कंपनीनं १९४३मध्ये युद्ध, स्त्रिया आणि लिपस्टिक अशी तिन्ही एका मथळ्यात गुंफली. मजकुराचा सूर असा की, लिपस्टिकनं युद्ध जिंकता येत नाही हे खरं, पण आपण ज्यासाठी लढतोय त्यातली ती एक आहे. म्हणजे बाईचा सुंदर दिसण्याचा हक्क! त्या कंपनीच्या प्रमुखपदी तेव्हा एक बाईच होती. एलिझाबेथ आर्डेननं मरीन दलातल्या स्त्रियांसाठी त्यांच्या टोपीच्या लाल गोफाशी जुळणारी खास लाली काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘माँटेझुमा रेड’. पाँड्सची वाग्दत्त वधू आता कारखान्यात दिसू लागली. अंगठी मात्र फोटोत दिसलीच पाहिजे.

केसांचं प्रकरण जास्त गंभीर होतं. नटी व्हेरॉनिका लेक एका डोळ्यावर केसांचा पडदा सोडायची आणि निम्मी अमेरिका तिचं अनुकरण करायची. ते केस यंत्रात अडकायला लागले तेव्हा सरकारनं तिलाच गळ घातली. तिनं केस वर बांधले आणि त्याचं चित्रीकरण करून लोकांना दाखवलं गेलं. एका नटीची केशरचना ही कामगार सुरक्षेची बाब झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

इंग्रजांचं दुखणं उलटं होतं. १९४१मध्ये ॲब्रम गेम्सनं लष्कराच्या महिला दलासाठी भरतीचं पोस्टर काढलं. सोनेरी केस, लालचुटुक ओठ, टोपी किंचित तिरकी. पार्लमेंटमध्ये आरडाओरडा झाला की, फारच मादक आहे ही! पोस्टर मागं घेतलं गेलं. त्याच डिसेंबरात ब्रिटननं विशीतल्या अविवाहित मुलींना सक्तीची सेवा लावणारा कायदा केला, म्हणजे आता पोस्टर कसंही असलं तरी चालणार होतं.

मुंबईत त्याच सुमाराला, १९४१मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा भारतीय नटी झळकली. लीला चिटणीस. पदवीधर, चार मुलांची आई आणि पडद्यावर काम करून त्यांचं करणारी. जाहिरातीत अर्थातच दिसली ती कांती. लीलाबाईंची नोकरी, तिचे तास आणि तिची दगदग साबणाच्या फेसाखाली.

जाहिरातीत न आलेल्या

१९४० ते १९४५ या काळात अमेरिकेतल्या एकूण कामगारांत बायकांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून जवळपास ३७ टक्क्यांवर गेलं. जाहिरातीत मात्र सगळ्या एकाच साच्यातल्या. गोरी, तरुण, काल चुलीपुढं आणि आज लेथपुढं. वस्तुतः यातला मोठा वाटा युद्धाआधीही राबतच होता. कुणी लॉन्ड्रीत, कुणी हॉटेलात, कुणी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत. त्यांच्यासाठी कारखाना म्हणजे त्याग नव्हता. बरा पगार होता. आणि काळ्या बायका? संरक्षण उद्योगांत वर्णभेद करायला १९४१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं बंदी आली, त्या कारखान्यांत शिरल्याही. मोठ्या मासिकांच्या रंगीत जाहिरातींत मात्र त्यांना जवळपास जागाच मिळाली नाही.

एक मुलगी मात्र उलट्या वाटेनं गेली. युद्धाचा शेवटचा टप्पा, कॅलिफोर्नियातला रेडिओप्लेन कारखाना. तोफांच्या सरावासाठी लागणारी छोटी, बिनवैमानिकाची विमानं तिथं बनत. लष्करी छायाचित्रकार डेव्हिड कॉनोव्हरला कामकरी मुलींचे फोटो काढायला पाठवलं होतं. पाठवणारा अधिकारी कॅप्टन रोनाल्ड रेगन. कॉनोव्हरला हातात विमानाचा पंखा धरलेली एक हसरी तरुण विवाहिता सापडली, नॉर्मा जीन डोहर्टी. लवकरच तिनं कारखाना सोडला आणि मॉडेलिंग धरलं. पुढं जग तिला मेरिलिन मन्रो म्हणू लागलं. कारखान्यातल्या कामाच्या फोटोनं कारखान्याचीच एक कामगार गमावली.

‘आई, तू घरी कधी राहणार?’

मे १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरायला अजून महिना आहे. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या ‘ॲडेल’ कंपनीची जाहिरात छापून येते. कामावर निघालेली आई आणि तिला बिलगलेली चिमुरडी विचारतेय की, तू पुन्हा घरी कधी राहणार? खाली कंपनीचं आश्वासन की, एका आनंदाच्या दिवशी आई तिच्या सर्वांत आवडत्या कामाकडे परत जाईल, घर सांभाळायला. त्या बाईला काय सर्वांत आवडतं, हे कंपनीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. युद्ध संपायला वर्षाहून अधिक अवकाश आणि निरोपाचा नारळ आधीच सोलून ठेवलेला.

बायकांना खरंच विचारलं होतं, तेही सरकारनंच. कामगार खात्याच्या महिला विभागानं दहा औद्योगिक भागांत पाहणी केली. युद्धानंतरही नोकरी करायची आहे, असं सांगणाऱ्या निघाल्या सुमारे ७५ टक्के. पण गरज सरो नि वैद्य मरो! शस्त्रांचे कारखाने आवरले आणि सगळ्यात आधी पत्ता कटला तो यांचाच.

दहा वर्षांत दंड गेला कुठं?

१९४७मध्ये टपालावर शिक्के मारणाऱ्या यंत्रांच्या ‘पिटनी-बोज’ कंपनीनं मथळा दिला की, बाईला ठार मारणं नेहमीच बेकायदा असतं का? ऑफिसातली टपालवाली मुलगी नवं यंत्र वापरायला तयार नाही आणि साहेब दातओठ खातोय, असा तो विनोद. १९५१मध्ये व्हॅन ह्यूसेनच्या टायची जाहिरात आली. नवरा पलंगावर टाय लावून रेललेला, बायको गुडघ्यावर बसून नाश्त्याचा ट्रे पुढं करतेय आणि मथळा सांगतो की, हे जग पुरुषाचं आहे, दाखवून दे तिला. १९५२मध्ये ‘चेस अँड सॅनबॉर्न’ कॉफीच्या जाहिरातीत कॉफी ताजी बघून घेतली नाही म्हणून नवऱ्यानं बायकोला मांडीवर पालथी घातलेलं आहे. हे विनोदच होते, असं म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी आवडती, म्हणजे चीड आणणारी, जाहिरात १९५३ची. लाल नखं, लाल ओठ, डोळे विस्फारलेली एक तरुणी आणि हातात केचपची बाटली. मथळ्यातला प्रश्न असा की, म्हणजे हे बाईलासुद्धा उघडता येतं? मजकुरात खुलासा होता की, सुरी नको, ओपनर नको, नवरासुद्धा नको. जाहिरात कुणाची? अल्कोआची. अमेरिकेतली ॲल्युमिनियमची सगळ्यात बडी कंपनी. दहाच वर्षांपूर्वी याच धातूच्या पत्र्यावर बायका लाखांनी रिव्हेट ठोकत होत्या. बॉम्बरचे पंख जोडताना चाललेले हात झाकणापाशी कसे लुळे पडले, ते अल्कोआलाच ठाऊक.

स्वप्नात नोकरी

‘मेडनफॉर्म’ या अंतर्वस्त्रांच्या कंपनीनं युद्धात लष्करासाठी एक अजब वस्तू शिवली. कबुतरांची बंडी! निरोप्या कबुतराला गुंडाळून छत्रीधारी सैनिकाच्या छातीशी बांधायची. कटोऱ्या बेतण्याचं कसब असं कामी आलं. १९४९पासून याच कंपनीनं वीस वर्षं जाहिरातींची एक माळ चालवली. प्रत्येकीत बाई स्वप्न बघते आणि स्वप्नात कंबरेच्या वर फक्त ब्रा घालून काहीतरी भन्नाट करते. आग विझवते, निवडणूक जिंकते. युद्धात ज्या जागी ती खरंच पोचली होती, तिथं जायला आता तिला झोपावं लागत होतं.

दुसरी बाई तर अस्तित्वातच नव्हती. पिठाच्या कंपनीनं १९२१मध्ये गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला ‘बेटी क्रॉकर’ हे नाव पैदा केलं. क्रॉकर हे आडनाव कंपनीच्या एका निवृत्त संचालकाचं. १९४५मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकानं तिला अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची प्रसिद्ध स्त्री ठरवलं. पहिली एलेनॉर रूझवेल्ट. बेटी कधी थकत नसे आणि पगार मागत नसे. १९४६मध्ये डेट्रॉइटला सुरू झालेल्या, तात्पुरत्या टायपिस्ट पुरवणाऱ्या ‘केली’ कंपनीनं हाच आदर्श हाडामांसाच्या मुलींना लावला. १९७१च्या तिच्या जाहिरातीतली मुलगी कधी रजा घेत नाही, कधी पगारवाढ मागत नाही, काम नसलं की तिचा खर्चही नाही.

आणि या सगळ्या धबडग्यात बायका करत काय होत्या? नोकरी. १९५५पर्यंत अमेरिकेतल्या कामकरी बायकांची संख्या युद्धाच्या ऐन भरापेक्षाही जास्त झाली होती. फक्त जाहिरातीतल्या स्वयंपाकघराला ते कुणी कळवलं नव्हतं.

रुमालवालीचं पुढं काय झालं?

त्या पंधरा दिवसांच्या पोस्टरमागं मार्च १९४२मधला एक वृत्तपत्री फोटो असावा, असं फार दिवस मानलं जातं. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधून यंत्रावर वाकलेली मुलगी. चित्रकारानं तो फोटो पाहिला होता, याचा पुरावा नाही. मिशिगनच्या जेराल्डिन डॉयल यांना १९८०च्या दशकात त्या फोटोत आपणच आहोत असं प्रामाणिकपणे वाटलं आणि पुढं कित्येक वर्षं तेच नाव छापलं गेलं. न्यू जर्सीतले प्राध्यापक जेम्स किंबल यांनी बरीच वर्षं माग काढून मूळ प्रत मिळवली. तिच्या मागं चिकटवलेल्या कागदावर नाव होतं नेओमी पार्कर. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा नौदल विमानतळावर काम करणारी विशीतली मुलगी.

किंबल भेटायला गेले तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या. वर्तमानपत्रातलं ते कात्रण त्यांनी सत्तर वर्षं जपून ठेवलं होतं. युद्ध संपल्यावर त्यांनी पाम स्प्रिंग्जमधल्या एका हॉटेलात वेट्रेसची नोकरी धरली. हॉलिवूडची मंडळी तिथं जेवायला येत, फोटोही भरपूर निघत. ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईचा कुणी काढला नाही.